माप आपलंच : गीता, अध्याय ६, श्लोक १६ ते ३२



आजचं वाचन ध्यानयोगाच्या अध्यायातलं. एरवी आपण रोज एक-दोन श्लोक घेतो, आज एकदम सतरा घेतलेत. या तुकड्याचं एक टोक जेवण आणि झोपेत आहे, दुसरं टोक दुसऱ्याच्या सुखदुःखात. मधलं अंतर चालून गेल्याशिवाय दोन्ही टोकं नीट समजत नाहीत असं मला वाटतं. चहा घेऊनच बसा.

निवडीला कारण घरचंच आहे. (दोघांना विचारून लिहितेय.) माझी मामी इथे कागलातच, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. मामेभाऊ पुण्यात, हिंजवडीला नोकरीला. दोन वर्षं त्याचे अमेरिकेच्या वेळेचे कॉल चालले. रात्री दोनला जेवण, पहाटे पाचला झोप, तीही तुटक. शेवटी छातीत धडधड व्हायला लागली म्हणून डॉक्टर गाठला, तेव्हा औषधापेक्षा झोपेवरच जास्त बोलणं झालं. त्यानंतर गडी बदलला. टीम बदलून घेतली, व्यायाम सुरू केला, रात्री दहाला फोन बंद. घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट केला. मग घरी फोन फक्त रविवारी, मग तोही नाही. दिवाळीला दीड दिवस आला. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, मी सध्या स्वतःवर काम करतोय. बाउंड्रीज ठेवायला शिकतोय."

इकडे मामी म्हणते, "पोरगं पार तुटलं गं."

आता श्लोकांकडे येऊ.

सोळाव्यात भगवंत चार जणांना योग साधत नाही असं सांगतात : फार खाणारा, अजिबात न खाणारा, फार झोपणारा आणि सारखा जागणारा. पहिला आणि तिसरा आपल्याला पटतो. दुसऱ्या आणि चौथ्याला मात्र आपल्याकडे उगाच मोठेपणा आहे. उपाशी राहून राबणारी बाई म्हणजे त्यागी, तीन रात्री जागून प्रोजेक्ट संपवणारा म्हणजे डेडिकेटेड. गीता दोघांनाही खादाड आणि झोपाळू माणसाच्याच ओळीत बसवते. उपासावर इतकं प्रेम असलेल्या आपल्या समाजात हा श्लोक जरा हळू आवाजातच वाचला जातो. (आणि आपले उपास तरी कसले, एकादशी दुप्पट खाशी!)

सतराव्यात याची दुसरी बाजू आहे. आहार, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं, पाचही गोष्टी प्रमाणात असतील तर योग दुःख घालवणारा होतो. ज्ञानेश्वर माउली इथे आणखी बारकाईत जातात. त्यांच्या सहाव्या अध्यायात जवळजवळ पाचशे ओव्या आहेत, त्यात कुंडलिनीचं ते थरारक वर्णनही आहे. पण या श्लोकापाशी आल्यावर माउली एकदम घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं बोलतात. जेवण मापून घ्या, चालणं-बोलणं मोजकं ठेवा, झोपेला तिच्या वेळी तिचा मान द्या. बोलण्याचं माप मूळ श्लोकात वेगळं सांगितलेलं नाही, ते त्यांनी घातलंय. दिवसभर मीटिंगांत बोलून घरी आल्यावर ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यांना ते का घातलं ते लगेच कळेल.

तेव्हा माझ्या भावाने झोप सांभाळली, अंगाकडे लक्ष दिलं, यात चुकीचं काहीही नाही. घरातल्या काहींनी "हल्लीच्या पोरांचे लाड" म्हणून नाक मुरडलं, ते मला पटलं नाही. तो सतराव्या श्लोकाप्रमाणे वागत होता. एकटं बसायची परवानगीही याच अध्यायात आहे, दहाव्या श्लोकात. साधकाने एकांतात, एकट्याने मन लावावं असं तिथे स्पष्ट आहे.

पण एकांताची एक गोष्ट सांगते. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून अशी अठरा रविवार अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली. सहावा अध्याय मार्चच्या शेवटच्या रविवारी आला असणार. त्या प्रवचनात एकाग्रतेच्या जोडीला त्यांनी दोन गोष्टी ठेवल्या : जीवनातली परिमितता, म्हणजे हेच मोजमाप, आणि जगाकडे बघायची मंगल दृष्टी. ही प्रवचनं आज आपल्या हातात आहेत ती साने गुरुजींमुळे. तेही तिथेच कैदी होते आणि बसून लिहून घेत होते. तुरुंगात जेवण मापाचं, हिंडणं मापाचं, झोपण्याची वेळ ठरलेली. हे सगळं विनोबांना सरकारनेच दिलं होतं! लिहून घेणारा माणूस मात्र कुठल्या नियमाने मिळत नाही.

१८ ते २२ वर आज भरभर जाऊया. वारा नसलेल्या जागच्या दिव्याची उपमा इथेच येते. पुढे तृप्तीचं वर्णन आहे : जे मिळाल्यावर दुसरा कुठलाही लाभ मोठा वाटत नाही आणि मोठ्या दुःखानेही माणूस हलत नाही. इतकं वाचून आपण "आहा" म्हणतो आणि फोन उचलतो, म्हणून जास्त बोलत नाही.

तेविसावा मात्र दोनदा वाचा. योग म्हणजे जोडणं हे आपण शाळेपासून ऐकतो. इथे भगवंत योगाची व्याख्या चक्क वियोग म्हणून करतात. दुःखाशी जो संयोग झालाय त्याचा वियोग, त्याला योग म्हणायचं. तोडायचं आहे ते दुःखाशी असलेलं नातं. माणसांशी असलेलं नातं तोडा असं इथे कुठेही नाही. या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की थकलेल्या माणसाला त्यातला फरक दिसत नाही. आईचा फोन आला की तिच्या काळजीने आपलाही जीव वरखाली होतो. मग काळजी बंद करायची म्हणून फोनच बंद होतो. काही माणसं खरोखरच त्रास देणारी असतात आणि त्यांच्यापासून लांब राहावंच लागतं, ते वेगळं. इथे मी आईच्या साध्या फोनबद्दल बोलतेय.

आता शेवटचं टोक, बत्तिसावा. स्वतःच्या उपमेने, म्हणजे आपल्याला कसं वाटतं ते माप धरून, जो सगळीकडे दुसऱ्याचं सुख आणि दुःख सारखं बघतो तो योगी सगळ्यांत श्रेष्ठ. माप कुणाचं, तर आपलंच. आमच्या आजीकडे धान्य मोजायची पायली होती. ती काठाला चेपली तेव्हा आजोबांनी ती वापरायची बंद केली, कारण देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही खोटं माप जातं. हा श्लोक वाचताना मला तीच पायली आठवते. सोळा-सतरा श्लोकांत पायली ठोकून सरळ करायची आणि बत्तिसाव्यात तिने मोजायचं, असा मी या तुकड्याचा अर्थ लावते.

मामीला हे कुठे लागू होतं? ती पहाटे चारला उठते, सगळ्यांना वाढते, शेजारच्या म्हातारीला डबा देते. तिच्याइतकं दुसऱ्याचं दुखणं ओळखणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पण स्वतः जेवायची शेवटी, कधी तीनला, कधी नाहीच. बीपीची गोळी जेवणानंतरची, ती राहून जाते. मागच्या महिन्यात डेअरीत दूध घालायला गेली आणि रांगेतच चक्कर येऊन बसली. आणि पोराच्या जागरणाबद्दल तिचं म्हणणं काय होतं? "रातभर जागायला काय हुतंय? आम्ही न्हाई व्हय जागलो?" स्वतःचा थकवा तिने आयुष्यभर मोजलाच नाही, म्हणून पोराचा थकवाही तिच्या मापात आला नाही. तिचं पोरगं सतराव्या श्लोकावर थांबलं आणि ती तो श्लोक ओलांडून थेट बत्तिसाव्यावर गेली.

म्हणून एका रविवारी मी पोथी घेऊन मामीच्या स्वयंपाकघरात बसले आणि त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तोही तयार झाला, अर्धा तास म्हणून. सोळावा वाचला तशी मामी भाकरी थापायची थांबली. "म्हंजे उपाशी ऱ्हाणाऱ्यालाबी न्हाई व्हय?" मी म्हटलं, त्यालाही नाही. ती काही बोलली नाही. तेविसाव्याला पलीकडून आवाज बंद झाला, मला वाटलं रेंज गेली. मग त्याने विचारलं, "आई, तू जेवलीस काय?"

"मी जेवतो की मागनं."

"मागनं म्हंजे किती वाजता?"

"तू ठेव फोन, मी घेतो वाढून."

"ठेवत न्हाई. तू जेव. मी हाय हिकडं."

ती जेवली. आम्ही दोघं गप्प बसून भाकरी मोडल्याचा आवाज ऐकत होतो. बत्तिसावा श्लोक त्या दिवशी वाचायचा राहिलाच.

आता तो बहुतेक दिवशी रात्री साडेआठला फोन करतो, पंधरा मिनिटं, दोघंही जेवताना. मामीची गोळी त्यामुळे वेळेवर जाते. दहाला त्याचा फोन बंद होतो तो होतोच, आणि मामीही आता त्याला "एवढ्या लवकर?" म्हणत नाही. गेल्या आठवड्यात तीन दिवस फोन नव्हता, रिलीज होतं म्हणे. मामीने एकदा माझ्याकडे चौकशी केली आणि तिघी शेजारणींना घेऊन जेवायला बसली.

कागलात राहून हे लिहिताना शाहू महाराजांची आठवण येणारच. कागलच्या घाटगे घराण्यातले हे यशवंतराव. जन्म २६ जून १८७४चा, १७ मार्च १८८४ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. दत्तक गेले तेव्हा दहावं वर्षही पुरं नव्हतं, आई तर त्याआधीच गेलेली. पुढे शरीर कमावलं, कुस्तीवर जीव टाकला, खासबागचं मैदान बांधलं. हा झाला सतरावा श्लोक. आणि गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल सगळ्यांना माहीत आहे. अस्पृश्य म्हणून त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. महाराजांनी त्यासाठी वटहुकूम काढून थांबायचं ठरवलं असतं तरी चाललं असतं. ते जाऊन बसले आणि कप हातात घेतला. बत्तिसावा श्लोक मला कधी अवघड वाटला की मी तो कप डोळ्यांसमोर आणते.

आजचा अभ्यास छोटा आहे. झोप, जेवण, काम, हिंडणं, जागणं या पाचांतलं तुमचं कुठलं माप चेपलंय ते एका ओळीत वहीत लिहा. त्याखाली एका माणसाचं नाव लिहा, ज्याचं तेच माप चेपलेलं असण्याची शक्यता आहे. सल्ला देऊ नका. फक्त जेवलास का, झोपलीस का, एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

हे सगळं ऐकून अर्जुन लगेच कुरकुर करतो, की हे काही टिकायचं नाही, मन फार चंचल आहे, वारा मुठीत धरण्यासारखं आहे. बरोबर आहे त्याचं. उद्या ३३ ते ३६ वाचू.

राम कृष्ण हरी.