दुबईला जाण्याआधी दहावी : खर्चाचा हिशेब

आखातात नोकरीला जायचे असेल तर पहिला पैसा एजंटाला देऊ नका, दहावीला द्या. रत्नागिरीत हे सांगावे लागते याचे नवल वाटेल, कारण २०१२ साली कोकणाचे विभागीय मंडळ वेगळे झाले तेव्हापासून दहावीच्या निकालात ते राज्यात पुढेच असते. पण निकालात परीक्षेला बसलेलेच मोजले जातात. आठवी-नववीत शाळा सोडून होडीवर किंवा गवंड्याच्या हाताखाली गेलेला आणि आता ‘व्हिसा येतोय’ म्हणून थांबलेला मुलगा त्यात कुठेच नसतो.

त्याचा खर्च पासपोर्टापासून सुरू होतो. ३६ पानी साध्या पासपोर्टाला १,५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २,०००. दहावी पास असो वा नापास, फी तीच. फरक शेऱ्यात. दहावीचे प्रमाणपत्र किंवा सूट देणारे दुसरे कारण नसेल तर पासपोर्ट ‘ईसीआर’ होतो. मग सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिराती, मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये अधिक कर, संरक्षण १० लाखांचे. इतका स्वस्त विमा शोधून सापडणार नाही. परवानगीच्या निमित्ताने करारही तपासला जातो, म्हणजे ही अट कामगाराच्या भल्याचीच. पण घाई असलेला मुलगा ती टाळायला व्हिजिट व्हिसावर निघतो, आणि तिकडे पगार थकला तर त्याच्या हातात ना करार, ना विमा.

शाळा सुटलेल्याला वाट आहे ती १७ नंबरच्या फॉर्मची. वयाची १४ वर्षे पूर्ण आणि किमान पाचवी पास असेल तर बाहेरून दहावीला बसता येते. नोंदणीचा खर्च हजार-बाराशेच्या घरात. एक-दोन विषय अडलेल्याला पुरवणी परीक्षा आहेच. पास झाल्यावर पासपोर्ट नव्याने काढून शेरा उतरवायचा, पुन्हा १,५०० रुपये. म्हणूनच आधी दहावी आणि मग पासपोर्ट, असा क्रम ठेवलेला बरा.

दहावी जमतच नसेल तर आयटीआय. इथे एक बारकावा आहे. मान्यताप्राप्त आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केला तरी ईसीआरमधून सूट मिळते. वायरमनचा कोर्स दोन वर्षांचा आणि दहावी नापासालाही खुला आहे. वेल्डरचा एकच वर्षाचा. वेल्डरला मागणी चांगली, पण शेरा उतरवायला ते एक वर्ष पुरत नाही. कुठल्याशा क्लासचे तीन महिन्यांचे चकचकीत सर्टिफिकेटही नाही, मग त्याची फी कितीही घेतलेली असो. सौदीला प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर म्हणून जाणाऱ्याची कौशल्य चाचणी आता इथेच, निघण्याआधी होते. तेव्हा हाताला काम येत असणे महत्त्वाचे. जाण्यापूर्वीचे एक दिवसाचे सरकारी प्रशिक्षण मात्र फुकट असते. ते चुकवू नका.

राहिला एजंट. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे एकूण ३५,४००. गावात बोली याच्या कितीतरी पट चालते. आंब्याचे पैसे, बायकोचे दागिने, कधी कलमांची बाग गहाण. ‘हा आपलाच माणूस आहे’ म्हणून रोख मोजून देणारे अजूनही आहेत. त्या आपल्या माणसाकडे परवाना क्रमांक मागा. तो ई-मायग्रेट पोर्टलवर सापडला नाही तर उठून या. सापडला तर पैसे बँकेतून भरा आणि पावती घ्या. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन करा : १८००-११-३०९०. हा फोन फुकट आहे.