घाणा टाकायचा की डिग्री घ्यायची?

भाचा : आत्या, तू इतकी वर्षं कॉलेजात उद्योजकता शिकवलीस. खरं सांग, हे शिकवून येतं का? कराडला मित्राबरोबर लाकडी घाणा टाकायचा आमचा विचार आहे आणि बाबा म्हणतात, आधी दोन वर्षांचा कोर्स कर.

आत्या : बाबांचं नंतर बघू. शेंगदाणा कोणत्या भावाने घेणार?

भाचा : मार्केट यार्डात त्या दिवशी जो असेल तो.

आत्या : आणि तेल कोणत्या भावाने विकणार?

भाचा : ते आत्ता कसं सांगू? साधारण अडीच किलो दाण्याला किलोभर तेल निघतं, पेंड गोठेवाले नेतात. पण दिवाळीत रिफाइंड तेल उतरलं तर आमचं महाग तेल कोण घेणार?

आत्या : झालं, पहिला धडा तूच म्हणून दाखवलास. रिचर्ड कँटिलॉन नावाचा एक आयरिश माणूस पॅरिसात पेढी चालवायचा. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ साली छापला गेला. खरेदीचा भाव ठरलेला आणि विक्रीचा भाव रामभरोसे, अशा स्थितीत जो उभा असतो तो त्याच्या लेखी उद्योजक. खंडाने जमीन करणारा शेतकरीसुद्धा त्यात आला, कारण खंड ठरलेला आणि पीक बेभरवशाचं. इतकंच काय, भिकारी आणि दरोडेखोरही त्याने त्यातच बसवले. त्यांना तरी कुठे पगार असतो!

भाचा : मग मटकेवालाही उद्योजकच की.

आत्या : नाही. फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली हा गुंता सोडवला. मटक्यातली शक्यता मोजता येते. ज्या धोक्याची शक्यता मोजता येते, त्याचा विमा उतरवता येतो. गोदामाला आग लागण्याचा विमा मिळतो. पण कराडकरांना तुझ्या तेलाचा वास आवडेल की नाही, याचा विमा कोणती कंपनी देईल? ते ओझं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर. नफा येतो तो त्यातून, असं नाइटचं म्हणणं.

भाचा : म्हणजे छाती असलेल्या माणसाचं काम. आणि छाती काय वर्गात बसून येते?

आत्या : डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याचाच छडा लावायचा प्रयत्न केला. खुंटीवर कडी फेकायचा खेळ मांडायचा आणि किती लांबून फेकायची ते ज्याचं त्याला ठरवू द्यायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, काही उगाच पार लांब जातात. ज्यांना काही करून दाखवायची ओढ असते ते मधलं अंतर निवडतात. जमेल, पण नेम धरावा लागेल, एवढंच. पुढे १९६४ साली त्याने आंध्रातल्या काकीनाड्यातले छोटे व्यापारी ही ओढ वाढवायच्या प्रशिक्षणाला घेतले. नंतर पाहिलं, तर प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा या लोकांनी जास्त हालचाल केली होती. नवे धंदे काढले, पैसा गुंतवला. या प्रयोगावर वाद पुष्कळ झाले, तरी सरकारी प्रशिक्षणाची कल्पना आपल्याकडे रुजायला त्याचा हातभार लागला.

भाचा : पण घाणा काय नवीन आहे? आपले पणजोबाही बैलघाण्याचंच तेल खायचे.

आत्या : हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटरचा. जुनंच चालवत राहणाऱ्याला तो उद्योजक म्हणत नाही. नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा कामाची नवी मांडणी, यातलं काहीतरी हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. पुढे ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. नांगर झाले, पण घ्यायला कोणी येईना, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. माल बनवण्याइतकीच मेहनत तो समज काढण्यात गेली. हे नवी वस्तू आणि नवी बाजारपेठ. आता लिज्जत बघ. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पापडात नवीन काय होतं? काहीच नाही. पण सकाळी पीठ घरी न्यायचं, लाटून परत आणायचं आणि प्रत्येक लाटणारी मालकीण, ही मांडणी नवी होती. शुम्पीटरचे पोवाडे गाणारे आमचे प्राध्यापक अशी उदाहरणं वर्गात क्वचितच देतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

भाचा : पण ही सगळी जिंकलेल्यांचीच नावं झाली. तशा मुलाखती यूट्यूबवर ढिगाने पडल्यात.

आत्या : बरोबर बोललास. आमच्या विषयाचं हेच मोठं दुखणं. ज्याचं दुकान बुडालं त्याला मुलाखतीला कोण बोलावतं? त्यातल्या त्यात सरस सरस्वती या संशोधिकेचं काम मला जवळचं वाटतं. त्यांनी सत्तावीस अनुभवी उद्योजकांपुढे एक काल्पनिक वस्तू ठेवली आणि मोठ्याने विचार करायला सांगितलं. बहुतेकांनी बाजाराचे सर्व्हे आणि नफ्याचे अंदाज बाजूला सारले. आपल्या हातात काय आहे, कोण ओळखीचं आहे आणि किती बुडालं तर झेपेल, इथून ते निघाले.

भाचा : आम्ही तर बँकेचं कर्ज काढून घाणाच विकत घेणार होतो.

आत्या : मशीन, गाळा, डिपॉझिट, आणि गिऱ्हाईक शून्य! आधी दोन पोती दाणा घे, दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरी देऊन गाळून घे आणि ओळखीच्या घरांत वीक. पहिल्या वेळी सगळेच घेतात, भिडेखातर. दुसरी बाटली कोण मागतं ते वहीत लिही. फार तर दोन पोती दाण्याचे पैसे जातील.

भाचा : मग कोर्सचं काय?

आत्या : हिशेब, जीएसटी, अन्नसुरक्षेचा परवाना, प्रकल्प अहवाल हे शिकूनच येतं आणि त्याला दोन वर्षं लागत नाहीत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून हेच काम करतंय. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन पुढची बॅच कधी आहे ते विचार. डिग्रीची फी तेवढी इतक्यात भरू नकोस. बाबांशी मी बोलते.