टीच्या उतरणीवर

तो ईसीजी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मूळ कागद नव्हे, झेरॉक्स. ईसीजीचा कागद उष्णतेनं उमटणारा असतो, त्यामुळे काही वर्षांत त्यावरच्या रेघा फिकट होत जातात. म्हणून पेशंटना मी पहिली गोष्ट सांगते, की घरी जाताना त्याची झेरॉक्स काढा. लॅमिनेशन मात्र करू नका. एकानं वडिलांचा जुना ईसीजी मोठ्या काळजीनं लॅमिनेट करून आणला होता. यंत्राच्या उष्णतेनं तो असा काळाठिक्कर पडला होता, की तुलनेसाठी हातात उरली ती नुसती काळी पाटी.

खणातला ईसीजी एका मावशींचा आहे. वय सहासष्ट, घरची शेती, बीपीची गोळी चालू. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. पावसाळ्याच्या दिवसांत बाहेर तापाच्या पेशंटची रांग लागली असताना मुलगा त्यांना घेऊन आला.

"मॅडम, डोळ्यापुढं अंधारी येती. विहिरीवरनं चढ चढून आलं की जास्तच," मावशी म्हणाल्या.

"अशक्तपणा आलाय," मुलगा म्हणाला, "एक सलाईन लावा."

नाडी मोजली, मिनिटाला ४५. ईसीजी काढला. वरच्या कोपऱ्यात यंत्रानं निदान छापलं होतं: सायनस ब्रॅडिकार्डिया, राइट बंडल ब्रँच ब्लॉक. म्हणजे ठोके नेहमीच्याच उगमापासून निघताहेत पण सावकाश, आणि उजवीकडची विजेची वाट बंद आहे. दुसऱ्या गोष्टीकडे मी लक्ष दिलं नाही, या वयात अनेकांच्या ईसीजीत ती दिसते. पहिलीचं कारण समोरच होतं. बीपीच्या गोळीत ॲटेनोलॉल होतं, आणि ॲटेनोलॉलनं ठोके कमी होतातच. आरोपी सापडला, मग पंचनामा कशाला? ती गोळी बंद करून दुसरी लिहून दिली आणि आठवड्यानं या म्हणून सांगितलं. सलाईन लावलं नाही, याचाच मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी नळावर हंडा उचलायला वाकल्या आणि तिथंच कोसळल्या. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. साताऱ्याच्या रुग्णालयात मॉनिटरवर ठोके ३२ आणि निदान कम्प्लीट हार्ट ब्लॉक. त्याच दिवशी तात्पुरता पेसमेकर लावला, दोन दिवसांनी कायमचा. मावशी वाचल्या. त्यात माझा वाटा शून्य.

त्या रात्री तो कागद मी पुन्हा काढला आणि मुलीच्या कंपासपेटीतला डिव्हायडर घेऊन बसले.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, पाच छोट्यांचा एक मोठा, ०.२ सेकंदाचा. एका ठोक्याची कहाणी तीन खुणांची. आधी पी, छोटीशी टेकडी, म्हणजे वरच्या कप्प्यांना विजेचा संदेश मिळाला. मग क्यूआरएस, उंच टोकदार सुळका, म्हणजे खालच्या कप्प्यांना मिळाला. शेवटी टी, रुंद चढउतार, म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होताहेत. पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर म्हणजे पीआर. ते तीन ते पाच छोटे चौकोन असावं. संदेशाला वरून खाली यायला लागणारा वेळ तो हाच.

मावशींचे दोन सुळके तेहतीस छोट्या चौकोनांच्या अंतरावर होते. १५०० भागिले ३३, म्हणजे ४५. हे यंत्रानं बरोबर मोजलं होतं. प्रत्येक सुळक्याआधी पाच चौकोनांवर एक पी, तेही बरोबर. मग डिव्हायडरचं एक टोक एका पीवर आणि दुसरं पुढच्या पीवर ठेवलं, आणि ते अंतर निम्मं केलं. साडेसोळा चौकोन. टोक जिथं पडलं तिथं टी लहरीची उतरण होती, आणि तिच्यावर एक बारीक उंचवटा. पुढच्या टीवरही होता, त्याच जागी. त्याच्या पुढच्याही. आदल्या आठवड्यात मला ती हाताची थरथर वाटली असेल, किंवा काहीच वाटलं नसेल. तो पी होता. वरचे कप्पे मिनिटाला नव्वद वेळा संदेश पाठवत होते आणि त्यातला एकाआड एक वाटेतच विरत होता. हृदय सावकाश चालत नव्हतं, निम्मे निरोप गिळत होतं.

याला दोनास एक ब्लॉक म्हणतात. तो चुकायचं कारण असं, की त्यात सगळं सरळ आणि नियमित दिसतं. ज्या ब्लॉकमध्ये लय तुटते तो डोळ्यांत भरतो. पीआर हळूहळू लांबत जाऊन एखादा क्यूआरएस गळतो, तो वेंकेबाख प्रकार. वेंकेबाखनं तो १८९९ साली वर्णिला, तेव्हा आइंटहोवेनचं ईसीजी यंत्र यायचं होतं. नाडीच्या आलेखावरून त्यानं तो ओळखला. दुसऱ्या प्रकारात पीआर मुळीच बदलत नाही आणि क्यूआरएस अचानक गळतो. मोबिट्झनं १९२४ साली हे दोन प्रकार वेगळे मांडले, आणि आइंटहोवेनला नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी. पहिला प्रकार बहुतेक वेळा सौम्य असतो, धडधाकट खेळाडूंच्या झोपेतही दिसतो. दुसरा केव्हा पूर्ण ब्लॉकमध्ये जाईल याचा नेम नसतो.

दोनास एकमध्ये मात्र सलग दोन पीआर तुलनेला मिळतच नाहीत. त्यामुळे हा वेंकेबाखचा भाऊ की मोबिट्झच्या दुसऱ्या प्रकाराचा, हे तेवढ्या पट्टीवरून ठरत नाही. मग आजूबाजूच्या खुणा बघाव्या लागतात, आणि त्या दिवशी दोन खुणा माझ्यासमोर आपणहून येऊन बसल्या होत्या.

पहिली, मी वयावर ढकललेला बंडल ब्रँच ब्लॉक. क्यूआरएस साडेतीन छोटे चौकोन रुंद होता. निरोगी माणसात तो तीनच्या आत असतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली एव्ही नोडची गाठ औषधांनी मंदावते, पण त्यानं क्यूआरएस रुंद होत नाही. एक फांदी आधीच बंद आणि वर निम्मे निरोप गायब, याचा अर्थ बिघाड बहुधा गाठीच्या खाली, उरलेल्या फांदीत. तीही गेली की संपलं. दुसरी खूण मावशींनी तोंडानं सांगितली होती: चढ चढलं की जास्त होतं. दोष गाठीत असेल तर श्रमानं ती सैलावते आणि नाडी वाढते. दोष खाली असेल तर उलट घडतं. वरून निरोप भराभर येऊ लागतात, खालच्या झिजलेल्या तारेला ते पेलत नाहीत, आणि दोनास एकचं तीनास एक होतं. चढावर मावशींची नाडी वाढायच्या ऐवजी घटत असणार. ॲटेनोलॉलला आरोपी ठरवताना हा जबाब मी ऐकूनही नोंदवला नाही.

तेव्हापासून ईसीजीवरचं छापील निदान मी कागदाची ती पट्टी दुमडून झाकते आणि सगळ्यात शेवटी वाचते. यंत्र सुळके छान मोजतं, टीच्या अंगाखांद्यावर बसलेला पी त्याला कित्येकदा दिसत नाही. पी वेगळे मोजायचे आणि क्यूआरएस वेगळे. दोन आकडे जुळले तरच पुढं जायचं. पी शोधायला लीड दोन आणि व्ही वन बऱ्या. नाडी सावकाश असेल तर दोन पींच्या बरोबर मध्यावर टोक ठेवून बघायचं, आणि तिथं टी असेल तर शेजारच्या लीडमधल्या टीशी तिचा आकार ताडून पाहायचा. डिव्हायडर नसेल तर कोऱ्या कागदाच्या कडेवर पेन्सिलीनं दोन टिंबं काढून तो कागद सरकवला तरी चालतं. बारा लीडचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. शंका आली तर लीड दोनची मिनिटभराची पट्टी काढा. कागद महाग नाही.

पूर्ण ब्लॉकमध्ये पी आणि क्यूआरएस दोघंही आपापल्या चालीनं चालतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. पीआर दर ठोक्याला वेगळा येतो, त्यात कसलाही क्रम नसतो. पी कधी सुळक्यात बुडतो, कधी टीवर चढतो. अशा पेशंटच्या मानेकडे बघा, शिरेत मधूनच एक जोराचा उसळा दिसतो. खालच्या कप्प्यांनी स्वतःच धरलेला ठेका मिनिटाला वीस ते चाळीसचा असेल, तर तो भरवशाचा नाही.

औषधांची चौकशी करताना गोळ्यांवर थांबू नका. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंब रक्तात शोषले जातात आणि ठोके मंदावतात; थेंबांना औषध म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि डिजॉक्सिन यांचं नाव घेऊन विचारा. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम बघा. तरुण माणूस उलट्या करत मंद नाडी घेऊन आला, तर बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची विषबाधा आमच्या भागात मनात यायलाच हवी. आणि औषध सापडलं म्हणून पेशंटला घरी पाठवू नका, ते अंगातून उतरेपर्यंत नजरेखाली ठेवा. मी नेमकं तेच केलं नव्हतं.

मावशींनंतर मी उलट्या दिशेनंही घसरले, तेही सांगते. दोन-तीन महिने ईसीजीत कुठं ठोका चुकलेला दिसला, की लगेच साताऱ्याला चिठ्ठी. एका शिक्षकांना असंच पाठवलं. हृदयरोगतज्ज्ञांचा फोन आला, "मॅडम, गळालेल्या ठोक्याच्या आधीच्या पीची वेळ बघितलीत का?" तो पी ठरल्या वेळेच्या आधीच येऊन बसला होता. खालची वाट अजून सावरली नव्हती, म्हणून त्याचा निरोप पोचला नाही. हा ब्लॉक नव्हे, उतावळा ठोका, आणि असे ठोके फार आढळतात. खऱ्या ब्लॉकमध्ये पी घड्याळासारखे ठरल्या अंतरावर येतात. गुरुजी दोन हजार रुपये आणि एक रजा खर्चून परत आले. मला काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी औषधाला शेजारच्या डॉक्टरांकडे गेले.

घरच्या माणसांनाही थोडं सांगायचं आहे, कारण घोटाळा शब्दापासून सुरू होतो. आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की लोक विचारतात, किती टक्के? मावशींच्या मुलानंही तेच विचारलं, "अँजिओप्लास्टी केली तर?" मी म्हटलं, रक्तवाहिनी तुंबते तो ब्लॉक वेगळा, हा विजेचा. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "म्हंजे पाइपलाइन ठीक हाय, केबल गेलीया." इतकं नेमकं मला पंचवीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

घरात वयस्कर माणसाला अंधारी येत असेल, विशेषतः उभ्या-उभ्या भान हरपून लगेच शुद्धीवर येत असेल, तर मनगटावर नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा. पन्नासच्या आत असेल आणि सोबत चक्कर असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढा, आणि जुना असेल तर तोही सोबत न्या. चक्करच्या गोळ्या आणि सलाईन यात वेळ घालवू नका. मोठ्या रुग्णालयात न्यायची वेळ आली तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका, १०८ ला फोन करा. वाटेत ठोका थांबला तर मोटरसायकलवर काहीच करता येत नाही.

पेसमेकरला घाबरणाऱ्यांना मी आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगते. स्वीडनमधल्या या माणसाला याच आजारानं दिवसातून अनेकदा झटके यायचे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शरीराच्या आत बसवायचा जगातला पहिला पेसमेकर त्यांना बसवला गेला. तो काही तासच चालला. त्यानंतर त्यांनी वीसहून जास्त पेसमेकर वापरले आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या श्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगले.

महिन्याभरानं मावशी दाखवायला आल्या. हाताला प्लास्टर, पदराखाली पेसमेकरचं कार्ड. त्यांना आत तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि मुलासमोर तो कागद ठेवला.

"दादा, हे त्या दिवशीच या कागदात होतं. मला दिसलं नाही."

तो कागदाकडे बघत राहिला. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. मग म्हणाला, "कुठं, ते दाखवा."

मी डिव्हायडरनं दाखवलं. त्यानं एकेका उंचवट्यावर बोट ठेवलं, पाच ठिकाणी, मोजून. त्या दिवशी मी जे करायला हवं होतं ते. रागावेल म्हणून मी वाट बघत होते. त्यानं शर्टाची वरची दोन बटणं काढली.

"मॅडम, माझा पण काढा एकदा."

काढला. छापील पट्टी दुमडून ठेवली. नाडी ७२, पी बहात्तर, क्यूआरएस बहात्तर. पीआर चार छोटे चौकोन. टीची उतरण गुळगुळीत.