करवत एकच आणा
१२ जून २०२०

चि. निखिल,

३ जूनच्या निसर्ग वादळाने श्रीवर्धनची वाडी आडवी केली. टाळेबंदीत गडी मिळत नाहीत, म्हणून तू आणि तुझा मित्र दोन चेन-सॉ भाड्याने आणून दोन टोकांनी सुरुवात करणार, असं तू कळवलंस. माझं ऐक, करवत एकच आणा. एकाने कापावं आणि दुसऱ्याने मोकळ्या हातांनी नुसतं बघावं. हे तुला चैनीचं वाटेल, पण उन्मळून पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा फसवं असतं. आंब्याचं खोड दोन्ही टोकांना टेकून मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरूनच कापत गेलास की चीर मिटते आणि पातं अडकतं. म्हणून आधी वरून थोडं कापायचं, मग खालून. एकच टोक टेकलेलं असेल, तर सगळं उलट. बुंधा तोडल्यावर खोडाचा भार जातो आणि मुळांचा उभा राहिलेला गड्डा धाडकन खड्ड्यात परत बसू शकतो. अशा खड्ड्यात उतरणं म्हणजे मरण ओढवून घेणं. आता कापणाऱ्याचं बघ. त्याची नजर पात्यावर असते, यंत्राच्या आवाजात त्याला हाक ऐकू येत नाही, आणि लाकूड हलण्याची पहिली खूण, म्हणजे मुळांवरची माती झडणं किंवा दूरची फांदी थरथरणं, त्याच्या नजरेआड घडते. ती टिपायला दुसरा माणूस हवा. त्याने समोर, दहा-बारा हातांवर उभं राहावं आणि ठरलेल्या हातवाऱ्याने थांबवावं; पाठीमागून येऊन खांद्याला हात तर कधीच लावू नये.

दोन करवतींनी काम निम्म्या वेळात होईल, असं तू म्हणशील. पण पोफळी जेमतेम नऊ-नऊ फुटांवर लावलेल्या असतात, त्यामुळे त्या एकमेकींवर कैचीसारख्या पडतात. तू इकडे एक तोडलीस की तिकडे मित्राच्या पायाशी दुसरी घसरणार. शिवाय पोफळ कापायला वेळ लागतोच किती? खरा वेळ ओढण्यात आणि रचण्यात जातो, आणि तिथे तुम्ही दोघे आहातच. कुजत्या माडांत गेंडा भुंगा वाढतो आणि वाचलेल्या झाडांचा कोंब खातो, ही तुझी धास्ती खरी आहे. पण अंड्यातून भुंगा व्हायला काही महिने लागतात. माडाचे ओंडके आधी फोडून वाळवायला घ्या. आंबा थांबला तरी चालेल. मित्राला नुसतं उभं करणं तुला बरं वाटत नसेल, तर प्रत्येक टाकी संपली की पाळी बदला. हादऱ्यांनी बोटं बधिर होतात आणि सैल मुठीतली करवत उसळते, तेव्हा ही अदलाबदल तशीही हवीच.

पंचनामा होण्याआधी काही तोडू नका. तोवर बघणाऱ्याने खडूने खुणा करत पडलेली झाडं मोजून घ्यावी. विजेच्या तारांत अडकलेल्या माडाला दोघांनीही हात लावायचा नाही. गावात वीज नाही म्हणून तार मेलेलीच आहे असं धरू नका, कुणाचा जनरेटर उलटा प्रवाह सोडत असेल. महावितरणची माणसं येईपर्यंत तो तसाच राहू दे.

तुझा
काका