गॅस पुरेसा होता, सेन्सर बिघडला होता

नवतपा सुरू झाला की नागपुरात पारा 45च्या आसपास घुटमळतो आणि एसी दुरुस्त करणाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. नेमक्या त्याच दिवसांत तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या घरचा दीड टनी स्प्लिट एसी बिघडला. ‘गॅस कमी झालाय’ असं निदान पहिल्याच भेटीत झालं आणि नंतरही बाईंचं म्हणणं ऐकायला कोणी तयार होईना. बाईंनी पैसे भरले, उकाडा सोसला, वर ऐकूनही घेतलं. खरा दोष मात्र त्यांनी सुरुवातीलाच ओळखला होता.

तक्रार अगदी स्पष्ट होती. रिमोटवर 24 लावलेलं. एसी सुरू केला की हवा थंडगार यायची. थोड्याच वेळात बाहेरचं युनिट बंद पडायचं, आतला पंखा तेवढा फिरत राहायचा. भिंतीवरचं थर्मामीटर 31 दाखवत असायचं. बाईंच्या सासूबाई त्या खोलीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पडून होत्या, म्हणून कूलर लावून वेळ मारून नेण्याचीही सोय नव्हती. ओलसर हवा त्यांना सोसत नव्हती.

सेवा केंद्राचा मेकॅनिक आला तेव्हा कॉम्प्रेसर बंद होता. त्याने झडपेसमोर हात धरला आणि निकाल दिला, “गॅस उतरलाय.” गळती कुठे आहे ते शोधलं नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला नाही. रिमोटवर 16 लावून गॅस भरला, थंड हवा दाखवली, साडेतीन हजारांच्या आसपास बिल केलं आणि गेला. रात्रभर खोली छान गार राहिली. सकाळी रिमोट पुन्हा 24वर आणला आणि पहिले पाढे पंचावन्न.

इथे बाईंच्या लक्षात आली ती गोष्ट कोणाही घरमालकाला उपयोगी पडेल. 24 लावलं की खोली 31वर अडकते. 17 लावलं की तीच खोली 24पर्यंत व्यवस्थित उतरते. यंत्राची ताकद शाबूत आहे, त्याला तापमान चुकीचं कळतंय, हे त्यावरून उघड होतं. गॅस खरोखर कमी असता, तर 17 लावूनही खोली थंड झाली नसती.

त्यांनी हे फोनवर जसंच्या तसं सांगितलं. उत्तर आलं, “मॅडम, मग 17वरच ठेवा ना!”

दुसऱ्या भेटीत बाईंनी थेट विचारलं, “रूम सेन्सर तपासला का?” मेकॅनिक म्हणाला, “सेन्सर खराब असता तर डिस्प्लेवर कोड आला असता.” मग त्याने बाईंकडे पाठ केली आणि त्यांच्या यजमानांना सांगितलं, “सर, पीसीबी गेलीय, बदलावी लागेल.” यजमान लेखा विभागात नोकरी करतात, सेन्सर म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नव्हतं. प्रश्न बाईंनी विचारला, एसीची वेळ आणि तापमान बाईंनी वहीत टिपलं, आणि उत्तर दिलं गेलं त्यांच्या डोक्यावरून दुसऱ्याला. पैशांपेक्षा हेच बाईंना जास्त लागलं आणि आजही त्या तावातावाने सांगतात तेही हेच.

कोड आला असता, हे वाक्य अर्धसत्य आहे आणि त्यापायी अनेकांच्या खिशाला चाट बसते. एसीतला तापमानाचा सेन्सर म्हणजे एक छोटा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, तापमान उतरलं की वाढतो. पुष्कळ एसींमध्ये तो 25 अंशांना 10 हजार ओहमचा असतो. काही कंपन्या 5, 15 किंवा 20 हजारांचाही वापरतात. तार तुटली किंवा शॉर्ट झाली, तर पीसीबीला, म्हणजे एसीच्या सर्किट बोर्डला, अशक्य आकडा मिळतो आणि ती कोड दाखवते. पण सेन्सर जुना होऊन हळूहळू सरकला, तर तो चुकीचा तरीही शक्य वाटणारा आकडा देत राहतो. खोली 23 अंश आहे असं सेन्सरने सांगितलं, तर त्यावर संशय घेण्याचं पीसीबीला काही कारणच नसतं. ती मुकाट्याने कॉम्प्रेसर थांबवते.

शेवटी छडा लावला तो आयटीआयमधून निवृत्त झालेल्या, त्याच गल्लीत राहणाऱ्या एका निदेशकांनी. त्यांनी आधी एमसीबी पाडली. जाळी काढली, कॉइलच्या पुढे प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेला काळा मणी बाहेर घेतला, पीसीबीवरचा त्याचा कनेक्टर सोडवला आणि मल्टिमीटर लावला. मण्याजवळ साधं थर्मामीटर धरलं होतं, त्यावर 30 अंश. तक्त्याप्रमाणे रोध 8 हजारांच्या आसपास हवा होता. मीटरवर 11 हजार. हा 11 हजारांचा आकडा म्हणजे एसीच्या हिशेबी सुमारे 23 अंश.

बाईंनी स्वयंपाकघरातून बर्फ घातलेलं पाणी आणलं. मणी पातळ पिशवीत गुंडाळून त्यात बुडवला. शून्य अंशांना त्या जातीच्या सेन्सरचा रोध 33 हजारांच्या आसपास यायला हवा. तो 45 हजारांच्या घरात गेला. सेन्सर दोन्ही ठिकाणी सारख्याच प्रमाणात चुकत होता. बाईंच्या वहीतले आकडे त्याच्याशी तंतोतंत जुळले: 31 अंशांवर कॉम्प्रेसर का थांबायचा आणि 17 लावल्यावर खोली 24 का व्हायची, दोन्हींचा उलगडा झाला. नवा सेन्सर तीनशे रुपयांच्या आत मिळाला. पीसीबी तीच आहे, गॅस तोच आहे आणि एसी 24वर नीट चालतो आहे.

या प्रकरणातून इतरांनी घ्यायच्या गोष्टी बाईंनी कागदावर उतरवल्या आहेत आणि शेजारीपाजारी त्या कोणी न विचारताही सांगतात.

सगळ्यात आधी रिमोट पाहावा. काही एसींमध्ये रिमोटमधल्या सेन्सरवरून तापमान घेण्याची सोय असते. ती चालू असेल आणि रिमोट उन्हात किंवा थेट थंड झोतात पडला असेल, तर यंत्राची दिशाभूल होते. मग फिल्टर काढून सेन्सरचा मणी त्याच्या क्लिपमध्ये आहे का ते बघावं. पाण्याच्या प्रेशरने सर्व्हिसिंग केल्यावर तो निसटून गार कॉइलला टेकतो. तेव्हा सेन्सर चांगला असूनही एसी लवकर थांबतो.

कॉम्प्रेसर चालू असताना काय होतं, याकडे नीट लक्ष द्यावं. गॅस कमी असला की कॉम्प्रेसर सहसा चालूच राहतो, हवा मात्र पुरेशी गार होत नाही, बारीक पाइपावर किंवा कॉइलच्या एका भागावर बर्फ धरतो. रूम सेन्सर सरकला असेल, तर चालू असेपर्यंत थंडावा उत्तम असतो आणि कॉम्प्रेसर वेळेआधी थांबतो. इन्व्हर्टर एसीत तो थांबण्याऐवजी मंदावतो, म्हणून तिथे हे ओळखायला जरा वेळ लागतो. मग सेटिंग एकदम खाली आणून पाहावं. कॉइलच्या नळीला लावलेला दुसरा सेन्सर बिघडला असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. तो कॉइल गोठतंय अशी खोटी वर्दी देऊन 16वरही कॉम्प्रेसर बंद पाडतो. तिथे मीटरच लागतो.

उलटा प्रकारही होतो. सेन्सर खोली आहे त्यापेक्षा गरम सांगू लागला, तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. खोलीत हुडहुडी भरते आणि विजेचं बिल फुगतं.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. कमी झाला असेल तर गळती आहे. म्हणून गळती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नये. किती ग्रॅम लागतो ते यंत्राच्या पट्टीवर छापलेलं असतं, त्याप्रमाणे काट्यावर तोलून भरायला सांगावं. नवा सेन्सर मॉडेल क्रमांक दाखवूनच घ्यावा. 10 हजारांच्या जागी 5 हजारांचा बसवला तर दुखणं नव्याने सुरू होतं. बाहेरच्या युनिटला स्वतः हात लावू नये, त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. बिल घ्यावं, पावत्या जपून ठेवाव्यात, चांगला मेकॅनिक जोडून ठेवावा.

सेवा केंद्राने गॅसचे पैसे परत केलेले नाहीत. ‘तेव्हा कमी होता, आता भरलाय,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बाईंनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तिथे आपली बाजू कागदानेच उभी राहते. म्हणून एसी बिघडला की मेकॅनिक येण्याआधी खोलीचं तापमान, रिमोटवरचा आकडा आणि कॉम्प्रेसर थांबल्याची वेळ लिहून ठेवा, आणि ‘गॅस कमी आहे’ असं कोणी म्हटलं तर गळतीची जागा आणि भरलेल्या गॅसचं वजन बिलावर लिहून मागा.