पालखी येण्याआधी

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी आली की तुझ्या मेडिकलवर रांग लागेल. बहुतेकांचं मागणं एकच असेल, "ताई, पाय लई दुखत्यात, अंगदुखीची गोळी दे." त्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या पिशवीत बीपीची गोळी असते. आधी ती बघायला माग. नाव सांगता आलं नाही तरी स्ट्रिप दाखवता येते.

डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन अडवून दुखणं कमी करतात. पण मूत्रपिंडाला रक्त पुरवायला आणि मीठ बाहेर टाकायला तेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. ते अडलं की अंगात मीठ-पाणी साठतं आणि वरचं बीपी सरासरी तीन ते पाचने चढतं, काहींचं बरंच जास्त. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, लघवीच्या गोळ्या यांचा जोर कमी पडतो. अम्लोडिपिनला फारसा धक्का लागत नाही.

वारीत मला खरी भीती वाटते ती मूत्रपिंडाची. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी पुष्कळांना रोज चालू असते. एक मूत्रपिंडातून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतं, दुसरं अंगातलं पाणी कमी करतं. त्यात दिवसभराची चाल, घाम, पिणं अपुरं. अशात डायक्लोफिनॅक दिलंस तर आत येणारी रक्तवाहिनीही आवळते, रक्त गाळायला लागणारा दाब उरत नाही आणि मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकतं. "दोन गोळ्यांनी काय होतंय" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नकोस. डायक्लोफिनॅक तसंही शेड्यूल एचमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही.

अशा माणसाला पॅरासिटामॉल दे. पाचशेची एक, दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस पुरे. कावीळ किंवा दारू आहे का, तेवढं विचार. पाण्यात विरघळणारी फसफसती गोळी नको, तिच्यात सोडियम फार असतं. आणि पॅरासिटामॉललाही निर्धास्त समजू नकोस. एडिनबर्गच्या संशोधकांनी 2022 साली बीपीच्या 110 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज चार ग्रॅम, दोन आठवडे घेतल्यावर वरचं बीपी सुमारे पाचने वाढलं होतं. म्हणून गुडघेदुखीला महिनोन्‌महिने तीच गोळी नेणाऱ्याला बीपी तपासून घ्यायला सांग.

स्ट्रिपवर पॅरासिटामॉल दिसलं तरी पुढचं नाव वाच. एसिक्लोफिनॅकच्या जोडीची गोळी साधी म्हणून सर्रास खपते. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं मलम चालेल, रक्तात फार थोडं उतरतं. मात्र फोड फुटलेल्या कातडीवर नको.

हृदयासाठी 75 ची ॲस्पिरिन चालू असेल तर ती बंद करायला सांगू नकोस. लघवी कमी झाली, छातीत दुखलं, धाप लागली, तर गोळी न देता थेट 108 ला फोन लाव.

काउंटरवर बीपीचं मशीन आणि ओआरएस हाताशी ठेव. मशीनचे सेल आत्ताच बदलून घे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णाकाका