शंकरराव चव्हाण आणि गोदावरीचे पाणी

बीड शहराच्या दक्षिणेस पाली नावाचे गाव आहे. बालाघाटच्या डोंगरातून उतरणारी बिंदुसरा नदी या गावाजवळ अडवून तलाव केलेला आहे. पाऊस चांगला झाला की तलाव भरतो. पाऊस रुसला की तळाची भेगाळलेली माती उघडी पडते. डोंगरातल्या लहानशा नदीने पाणी पुरवून पुरवून किती पुरवावे? मराठवाड्याची तहान भागवावयाची तर मोठ्या नदीकडेच वळावयास हवे होते. ती नदी म्हणजे गोदावरी. तिचे पाणी शेतापर्यंत पोहोचावे म्हणून ज्या मंत्र्याने आपली उमेदीची वर्षे वेचली, त्याचे नाव शंकरराव चव्हाण.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदाकाठच्या पैठण येथे झाला. तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन ते वकील झाले. परंतु स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामाची हाक येताच त्यांनी न्यायालयाकडे पाठ फिरविली आणि सरहद्दीवरील उमरखेडच्या केंद्रात काम केले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. पुढे शंकरराव नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्यांच्याकडे पाटबंधारे व वीज ही खाती आली.

गोदावरीवर धरण बांधण्याची कल्पना निजामाच्या काळातच निघाली होती. त्या वेळी योजलेली जागा बीड जिल्ह्यात, जायकवाडी या गावाजवळ होती. राज्यांची पुनर्रचना झाल्यावर ती बदलली व सुमारे १०० किलोमीटर वरच्या अंगास, पैठण येथे, धरण बांधावयाचे ठरले. गाव मागे राहिले, नाव मात्र धरणाबरोबर पैठणास गेले! जायकवाडीचे धरण पाहावयास जाणाऱ्याला त्या नावाचे गाव तेथे दिसत नाही, त्याचे कारण हेच.

पैठणजवळ नदीचे पात्र रुंद आणि भोवतालची भूमी सपाट. तेथे पाणी अडविण्यास सुमारे १० किलोमीटर लांबीची भिंत लागली आणि अडलेले पाणी दूरवर पसरणार होते. त्यात शंभराहून अधिक गावांची घरे, देवळे आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली काळी रानेही जाणार होती. खालच्या अंगाच्या कोरड्या शिवारांना पाणी मिळावे म्हणून वरच्या गावांनी आपली भूमी सोडावयाची, हा हिशेब कागदावर मांडणे सोपे. उंबरठा सोडणाऱ्यास तो कधीच सोपा नसतो. मंत्री स्वतः त्याच गोदाकाठचे होते, एवढ्याने त्या माणसांचे दुःख हलके झाले असे म्हणता येणार नाही.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. काम वर्षानुवर्षे चालले. १९७२ चा भीषण दुष्काळ आला, तेव्हा धरण अजून पुरे व्हावयाचे होते. अखेर २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री शंकररावच होते. पैठणच्या संत एकनाथांवरून जलाशयास ‘नाथसागर’ हे नाव मिळाले.

शंकरराव शिस्तीचे मोठे कडक. कामात ढिलाई त्यांना खपत नसे. म्हणून लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. ते १९८६ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. केंद्रात त्यांनी संरक्षण, अर्थ आणि गृह अशी मोठी खाती सांभाळली. नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २६ फेब्रुवारी २००४ रोजी ते निवर्तले.

नाथसागर भरतो तो बहुतांशी नाशिक व अहिल्यानगर या वरच्या जिल्ह्यांतील पावसावर. ज्या वर्षी तो पाऊस कमी पडतो, त्या वर्षी वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडावयाचे, यावरून दोन्हीकडच्या शेतकऱ्यांत वाद होतो. पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी राज्याने २००५ मध्ये कायदा केला, तरी वाद मिटलेला नाही.

जायकवाडीचा उजवा कालवा १३२ किलोमीटर वाहत बीड जिल्ह्यात येतो आणि सिंदफणा नदीवरील माजलगावच्या धरणाला पाणी पुरवितो. पालीची बिंदुसराही पुढे सिंदफणेलाच मिळते. बीड शहराला पालीच्या तलावाबरोबर माजलगावच्या जलाशयातूनही पाणी येते.